निळ्या दाराचा पत्ता

दारावर माणसं काय काय लावतात. लिंबू-मिरची लावतात, गणपती लावतात, 'कुत्र्यापासून सावध' लावतात आणि आत कुत्रं सोडा, मांजरही नसतं. हिलाल आप्पांच्या निळ्या दारावर बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट टांगलेलं होतं. काचेच्या फ्रेममध्ये, तरुणपणच्या फोटोसकट. फोटोतल्या मिशा काळ्याभोर आणि डोळे असे वटारलेले, की कुरिअरवाला पार्सल ठेवून दोन पावलं मागे सरकायचा. ते सर्टिफिकेट दारावर का आलं हे सांगायचं तर आधी आप्पा सांगायला हवेत, आणि आप्पा सांगायचे तर जरा मोठ्यानेच सांगायला हवेत.

कारण त्यांना हळू बोलताच यायचं नाही. सिल्वासातल्या दोन-तीन कंपन्यांत मिळून सगळी नोकरी बॉयलरपाशी काढलेली. ब्लोअरच्या आवाजावर ओरडून ओरडून गळा तसाच घडला आणि कान अर्धे गेले. मी त्यांची भिंतीला भिंत लावून शेजारीण. मूळची गुहागरकडची, नवऱ्याची इथल्या सरकारी कचेरीत नोकरी, म्हणून सिल्वासाच्या आमळी भागात येऊन राहिले आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. आमच्याकडे माणसं खवचट बोलतात, पण हळू बोलतात. इथे पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "चहा झाला काऽऽय?" मी दचकून ओट्यापाशी "होतोय" म्हणाले. ते त्यांच्या बायकोला, काकूंना, विचारत होते.

आप्पा पारोळ्याकडचे. घरात अहिराणी, कंपनीत हिंदी, बाजारात गुजराती, आणि शिकवताना तिन्हींची भेळ. "जो भाई, काचमां पानी नथी दिसत, तो सबसे पहिले काय करशील?" हा त्यांचा नेहमीचा सवाल; काच म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी. समोर बसलेला धुळ्याचा असो, बिहारचा असो की इथला वारली, सगळ्यांना कळायचा. उत्तर एकच: आग बंद. आधी आग बंद कर, मग अक्कल चालव, असं ते म्हणायचे. पाणी आटलेल्या बॉयलरमध्ये घाबरून गार पाणी सोडणारा स्वतःही जातो आणि चार जणांना नेतो, हे त्यांनी मलासुद्धा इतक्या वेळा ऐकवलं, की एकदा कुकरची शिट्टी होईना तेव्हा मी आधी गॅस बंद केला आणि मगच झाकणाकडे बघितलं.

हे शिकवणं निवृत्तीनंतरचं नव्हे, नोकरीत असल्यापासूनचं. बॉयलर चालवायचा तर सरकारी परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात तोंडी परीक्षा असते. वर्षानुवर्षं भट्टीत कोळसा टाकणारा माणूस बॉयलरची नाडी ओळखतो, पण साहेबासमोर उभा राहिला की त्याची बोबडी वळते. अशांना आप्पा घरी बोलवायचे, जमिनीवर बसवायचे आणि बोलतं करायचे. पास झाला की तो हेल्परचा अटेंडंट व्हायचा, बॉयलर त्याच्या नावावर व्हायचा. फी होती. पण कुणी दिली आणि कुणी नाही, हे आप्पांना कधीच आठवत नसे आणि काकूंना कायम आठवत असे.

त्यांचं एक खूळ सांगते. बॉयलरवर पाळी बदलताना चार्ज द्यायचा असतो. नव्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी काचेतलं पाणी बघायचं, प्रेशर बघायचं आणि मग तोंडाने म्हणायचं, "घेतला." तोपर्यंत जुन्याने जागा सोडायची नाही. आप्पांनी ही रीत घरात आणून ठेवली होती. बाजाराला जाताना किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ताई, चार्ज दिला." मी "घेतला" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. एकदा मी फोनवर बोलत होते, नुसती मान हलवली. दहा मिनिटांनी बघते तर स्वारी पायरीवर तशीच, हातात पिशवी घेऊन उभी.

"अहो आप्पा, मान हलवली ना मी!"

"मान बैलबी हलवतो," ते म्हणाले. "तोंडानं बोला."

आता त्यांनी नोकरी घालवल्याची गोष्ट. ती त्यांनी मला मेथी निवडता निवडता सांगितली, जशी काही भाजीच महाग झाली होती. एका कंपनीत मालाची घाई होती. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व सारखा उडत होता. दाब वाढला की वाफ बाहेर सोडणं हेच त्याचं काम. पण वाफ गेली की काम खोळंबतं. म्हणून सुपरवायझरने व्हॉल्वच्या दांड्याला लोखंडाचा तुकडा टांगला. व्हॉल्व गप्प. आप्पा पाळीवर आले, त्यांनी तो तुकडा बघितला आणि आधीच्या माणसाला म्हणाले, "घेत नाही." सुपरवायझर आला, मॅनेजर आला. आप्पांनी कुणाला न विचारता भट्टीतली आग बाहेर ओढून काढली. सगळं खातं बंद पडलं. संध्याकाळी आप्पा कामावरून कमी.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. त्या तुकड्याची वाटली." मेथीची जुडी झटकत म्हणाले, "व्हॉल्व म्हनजे बॉयलरचं तोंड, ताई. ते दाबून ठेवनाऱ्याजवळ मी उभा राह्यत नाही."

ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, तिथेच चुकले.

आप्पा निवृत्त झाले तोवर शिकणारी माणसं लांबलांबची झाली होती. कोणी दादऱ्याला, कोणी रांध्याला, प्रत्येकाची पाळी वेगळी. एका वेळी चार जण जमेनात. मी म्हटलं, "आप्पा, धडे रेकॉर्ड करू. मी ॲप बनवते. ज्याला जेव्हा वेळ असेल तेव्हा ऐकेल." ॲप बनवायला मी तेव्हा नुकतीच शिकले होते आणि नवं शिकलेलं माणूस गप्प बसत नाही.

रेकॉर्डिंग म्हणजे तमाशाच. आप्पा बोलायला लागले की फोनमध्ये नुसती खरखर. जवळ ठेवला, लांब ठेवला, उशीखाली ठेवला. शेवटी आप्पा त्यांच्या घरात, फोन माझ्या घरात, मध्ये भिंत. तेव्हा कुठे आवाज स्वच्छ आला. असे चाळीस धडे केले. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी आप्पा तेच बोलायचे, जे ते आयुष्यभर बोलत आले होते: "समजलं नसेल तर घरी या. आमळीत पान्याच्या टाकीमागं, निळं दार. फी असेल तर तिथंच द्या, नसेल तर चहा पिऊन जा."

मला ते वाक्य इतकं आवडलं, की मी ॲपच्या माहितीतही तेच छापलं. मी शहाणी ना!

आमच्या लोकांच्या फोनवर ॲप येतात ती एकाच मोठ्या ऑनलाइन दुकानातून. तिथे ॲप ठेवायचं तर धड्यांची फी त्यांच्याच गल्ल्यातून घ्यायची. ते आपला हिस्सा कापून उरलेलं आपल्याला देणार. हे मी आप्पांना आधीच सांगितलं होतं. त्यावर त्यांची तक्रार नव्हती. "दुकान त्यांचं, भाडं घेऊ दे," एवढंच म्हणाले.

काही महिन्यांनी दुकानाकडून नोटीस आली. तुमच्या ॲपमध्ये ग्राहकांना बाहेर पैसे द्यायला सुचवणारा मजकूर आहे, तो सात दिवसांत काढा, नाहीतर ॲप काढण्यात येईल. मी दोनदा वाचली. म्हणजे बाहेर फी घ्यायची नाही एवढंच नव्हे, बाहेर घेतो हे सांगायचंही नाही. आप्पांनी आपल्याच विद्यार्थ्याला आपल्या घराचा पत्ता द्यायचा नाही!

मला राग आला? आला. पण रागाच्या आधी भीती आली, खोटं कशाला बोलू. खातं माझ्या नावावर, चाळीस धड्यांची मेहनत, परीक्षा दीड महिन्यावर. आप्पांना सांगितलं तर ते काय म्हणतील हे मला पाठ होतं. म्हणून मी सांगितलंच नाही. दार लावून बसले आणि चाळीसही धड्यांच्या शेवटून ते वाक्य कापलं. छापलेलंही पुसलं. दुकानाने लगेच हिरवी खूण दिली. मी सुटले, असं मला वाटलं.

निळ्या दारात रोज एक-दोन नवी तोंडं दिसायची, ती दिसेनाशी झाली. काकू चहा सवयीने जास्त टाकायच्या आणि मग मला हाक मारायच्या, "ताई, घ्या, उरला." मी तो चहा प्यायचे. कसा गेला असेल घशाखाली, विचारू नका.

मग आप्पांना बाजारात जयेश भेटला. रांध्याचा, दोन लेकरांचा बाप, कंपनीत आठ वर्षं हेल्पर. आवाजावरून त्याने आप्पांना ओळखलं. भाजीवाल्याशी घासाघीस चालली होती, न ओळखून सांगतो कोणाला? म्हणाला, "सर, तुमचे पहिले धडे ऐकले. पुढच्याचे पैसे नाय जमले. म्हणून सोडून दिलं." आप्पा म्हणाले, "अरे भो, मग घरी का नाही आला? शेवटी सांगतो ना मी!" जयेश म्हणाला, "शेवटी काय नाय सर. शेवटी बंद होतं." आप्पांनी तिथेच, भाजीच्या गाडीपाशी, त्याच्या फोनवर धडा शेवटपर्यंत ऐकला.

दुपारी ते माझ्या दारात आले. आत आले नाहीत.

"ताई, माझ्या तोंडावर लोखंड कोनी टांगलं?"

मी सगळं सांगितलं. नोटीस दाखवली, वाचून दाखवली. 

"परत लावा," म्हणाले.

"आप्पा, ॲप उडवतील!"

"उडवू द्या."

"तुम्हाला काय जातंय उडवू द्या म्हणायला?" माझाही तोल गेला. "खातं माझ्या नावावर आहे. चाळीस धडे भिंतीपलीकडून मी रेकॉर्ड केलेत. परीक्षा तोंडावर आलीय. एका वाक्यासाठी सगळ्यावर पाणी सोडायचं? पत्ता काय, कोणालाही विचारला तरी मिळेल!"

"कोनाले विचारेल तो? त्याले ठाऊकच नाही की इथं विचारता येतं."  आणि त्या माणसाचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्यासाठीच होतं ना ते वाक्य. बाकीच्याले ते नसलं तरी चालतंय. बरं. खातं तुमचं, चार्ज तुमचा. मी मागत नाही."

आणि गेले. ओरडले असते तर मी परत ओरडले असते. हे काय उत्तर झालं? रात्रभर मी त्यांच्यावर चडफडले आणि सकाळी उठून कामाला बसले. चाळीस वाक्यं कापायला एक दिवस लागला होता, जोडायला दोन लागले. दुकानाची तीच नोटीस पुन्हा आली आणि आठव्या दिवशी ॲप दुकानातून गायब.

मी रडवेली होऊन सांगायला गेले तर आप्पा मिशीला पीळ देत होते. "ज्यांच्या फोनात आधीच घेतलेलं आहे, त्यांचं बंद पडलं काय?" नव्हतं पडलं. दुकानातून गेलं तरी फोनातलं चालू होतं. मग काय, कामगारांच्या खोल्याखोल्यांतून फोन फिरले. एका फोनभोवती सहा-सहा जण. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी आप्पा त्यांना ओरडून सांगतच होते, घरी या. निळ्या दारापाशी चपलांचा ढीग पडायला लागला. त्यात जयेशच्याही चपला होत्या. काकूंनी चहाचं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं आणि तोंडाने शिव्या घालत घासलं.

तेवढ्याने आप्पांचं समाधान कुठलं व्हायला! बाजारातल्या मोठ्यांनी लहानांवर दादागिरी करू नये हे बघणारं सरकारी खातं दिल्लीत आहे आणि याच दुकानांची तिथे चौकशी चालू आहे, हे मी त्यांना पेपरातून वाचून दाखवलं. त्यांनी वही घेतली. पत्र लिहिलं, पण लिहिणार कसं? बॉयलरच्या लॉगबुकसारखं. 'सकाळी ७. ॲप चालू. आवाज बरोबर. ७.१५. दुकान म्हणाले, घरचा पत्ता सांगू नये. ७.२०. सांगितला. ७.३०. ॲप बंद केले. स्फोट झाला नाही. कारण तोंड उघडे आहे. पुढची कारवाई आपली. चार्ज दिला.' खाली सही आणि सर्टिफिकेटचा नंबर.

"आप्पा, त्या वेळा खऱ्या नाहीत."

"बाकी सगळं खरं हाय ना?"

रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावती परत आली, तिच्यावर दिल्लीचा शिक्का. आप्पांनी ती गल्लीभर दाखवली. "घेतला म्हनाले! बघा!"

पुढे खरोखरच तिथून निकाल आला, की दुकानांनी ॲपवाल्यांचं तोंड बंद करायचं नाही. पैसे देण्याच्या दुसऱ्या वाटा ग्राहकाला सांगू द्यायच्या. त्यासाठी मोठमोठ्या कंपन्या वकील लावून भांडत होत्या, पण आप्पांना ते पटवणार कोण? मी म्हटलं, "तुमचं पत्र कोणी उघडलं तरी असेल का?" तर म्हणे, "न उघडता कळलं असेल. जाड होतं."

मी पुन्हा अर्ज केला, ॲप परत आलं, वाक्यासकट. पण दुकानाने आपली खोड ठेवलीच. हिस्सा थोडा कमी केला, सोडला नाही. बाहेर दिलेल्या पैशातूनही मागत होते. आणि धड्याखालचा पत्ता दाबला की आधी एक इशारा यायचा: तुम्ही आमच्या सुरक्षित व्यवस्थेबाहेर जात आहात, पुढे काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही. मी तो आप्पांना वाचून दाखवला आणि कानांवर हात ठेवायची तयारी केली. पण ते हसायला लागले. इतके हसले, की काकू बाहेर आल्या.

"जबाबदार नाही! मंग हिस्सा कशाचा मागता रे भो?" डोळे पुसत म्हणाले. "बॉयलरच्या कागदावर ज्याची सही, त्याची जबाबदारी. सही नाही, तो बॉयलरपाशी आला तर मी हाकलून देतो."

आत गेले, भिंतीवरून सर्टिफिकेटची फ्रेम काढली आणि खिळा-हातोडी घेऊन बाहेर आले. स्टुलावर चढून निळ्या दारावर ठोकली.

"तो इशारा वाचून माणूस घाबरत घाबरत येईल इथं," म्हणाले. "त्याले दिसू दे, जबाबदार कोन हाय."

या सगळ्या धामधुमीत जयेश पास झाला. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, पाणी दिसेनासं झालं तर पहिलं काय करणार? जयेश म्हणे इतक्या जोरात "आग बंद!" ओरडला, की साहेबांनी पेन खाली ठेवून विचारलं, आप्पांकडे शिकलास का? त्या आनंदात सगळी बॅच वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेली, आम्हालाही नेलं. सिंह झाडाखाली पसरला होता, ढिम्म हलेना. आप्पांनी जाळीतून त्याला बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "प्रेशर उतरलंय याचं."

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि आप्पांचे उरलेले कानही गेले. गावाकडे जायचं ठरलं. सामान बांधायच्या आधी त्यांनी मला फोन लावायला सांगितलं, माझ्या घरात ठेवायला सांगितलं आणि भिंतीपलीकडून धड्यांचा शेवट नव्याने बोलले: "समजलं नसेल तर घरी जा. आमळीत पान्याच्या टाकीमागं, निळ्या दाराच्या बाजूला पिवळं दार. तिथं ताई हायेत. फी असेल तर तिथंच द्या, नसेल तर चहा पिऊन जा."

पिवळं दार माझं.

मी तरातरा बाहेर गेले. "आप्पा, मला विचारलंत? मला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नाही!"

त्यांना ऐकूच आलं नाही. किंवा आलं असेल. "जयेश येनार हाय दर रविवारी शिकवायले," म्हणाले. "तुम्ही चहाचं बघा." ते मोठं पातेलं काकूंनी माझ्या ओट्यावर आधीच आणून ठेवलेलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळीच माझ्या फोनवर दुकानाची पुन्हा नोटीस. आमचे नियम बदलले आहेत, आपल्या ॲपमधील पत्त्याचा मजकूर नव्या नियमांत बसत नाही, सात दिवसांत काढा. मी ती आप्पांना दाखवली नाही. या वेळी घाबरून नव्हे. जाणाऱ्या माणसाला काय दाखवायचं.

स्टँडवर लाल गाडी लागली होती. काकू खिडकीशी बसल्या. आप्पांच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेली सर्टिफिकेटची फ्रेम. गाडीच्या पायरीवर चढले आणि तिथेच वळून उभे राहिले.

"ताई, चार्ज दिला."

 मी मान हलवली. आप्पा हलले नाहीत. मागून कंडक्टर ओरडायला लागला, "ओ बाबा, आत व्हा, दार लावायचंय!" आप्पा दांडी धरून उभेच. गाडीने दोनदा हॉर्न दिला. मी "घेतला" म्हणाले, पण माझा तो कोकणी आवाज, त्यांच्या कानापर्यंत कसला पोचतोय! त्यांनी कानामागे हात धरला.

मग मी ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते अशी, पोटातून, "आप्पा, घेतलाऽऽ!" सगळा स्टँड वळून बघायला लागला. आप्पांनी ऐकलं, मान डोलावली, आणि आत जाऊन काकूंशेजारी बसले. गाडी निघाली. खिडकीतून त्यांची पांढरी टोपी वळणापर्यंत दिसत होती.

घरी आले, ओट्यावरचं पातेलं खाली उतरवून ठेवलं आणि नोटिशीला उत्तर लिहायला बसले. दोनच ओळी लिहिल्या. वाक्य काढणार नाही. दाराचा रंग बदलला आहे, तेवढा नोंदवून घ्यावा.